देव्हाऱ्यातली सुरी

आमच्या घरात बोटं मोजायची नाहीत असा नियम होता. कुणी तोंडाने सांगितलेला नव्हता, पण होता. बाबांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. माझे मोठे काका गावी कुडाळकडे असायचे, त्यांची तीन नव्हती. पहिलीत बाईंनी बोटांवर दहापर्यंत मोजायला शिकवलं, आणि मी घरी येऊन बाबांचे हात पुढ्यात ओढून मोजायला बसले. आठला थांबले. चुकलं असेल म्हणून परत पहिल्यापासून मोजलं. बाबा हात तसेच माझ्यापुढे ठेवून बसले. आईने मला दंडाला धरून उठवलं, बाहेर नेलं आणि पाठीत एक धपाटा घातला. कशासाठी, ते मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

तेव्हा आम्ही कामोठ्याला एका खोलीत राहायचो. आसपास इमारती उठत होत्या, आणि बाबा त्याच इमारतींमध्ये साइटवर सुतारकाम करायचे. दारं, कपाटं, स्वयंपाकाचे ओटे. दुसऱ्यांच्या घरात ते सनमायका लावायचे आणि आमच्या घरात फळीच्या उरलेल्या तुकड्यांवर गादी घालून आम्ही झोपायचो. घरात गॅस नव्हता असं नाही, पण सिलिंडर सणासुदीला. रोजचा स्वयंपाक गॅलरीत भुशाच्या शेगडीवर. ही शेगडी हल्ली कुणाला माहीत नसेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, तिच्याभोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत वर काढायची. मध्ये भोक राहतं, त्यातून जाळ चढतो. बाटली काढताना हात हलला की सगळं ढासळायचं आणि परत पहिल्यापासून. ते काम माझं. कुळथाची पिठी, भात, कधी सुकटीची चटणी, सगळ्याला सागाच्या धुराचा वास. कॉलेजात माझ्या शेजारची मुलगी एकदा म्हणाली, तुझ्या डब्याला फर्निचरच्या दुकानासारखा वास येतो. मी त्यानंतर वर्षभर डबा एकटीने खाल्ला. आज कुणी तसं म्हणालं तर मी तिला पिठी वाढीन. तेव्हा ते जमलं नाही.

मी आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली. बी.कॉम.ला होते. हे मी अभिमानाने लिहितेय, तेव्हाही अभिमानच होता, आणि त्या अभिमानाने माझं बरंच नुकसानही केलं. ते पुढे येईलच. घरच्यांची समजूत अशी की मला इंग्रजी येतं. मला इंग्रजी येत नव्हतं. मला इंग्रजीत पास होता येत होतं. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मशीन आलं. तुर्भ्याला एक फर्निचरचा कारखाना बंद झाला, तिथलं जुनं सरकत्या टेबलाचं कटाई मशीन बाबांनी घेतलं. पैसे कसे जमवले ते आईने शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. मशीन ठेवायला कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे एक गाळा भाड्याने घेतला. आजूबाजूला दिवसभर ट्रक मागे घेतल्याचे आवाज, आणि लोखंडी प्लेट जमिनीवर टाकल्या की पायाखालची फरशी थरथरायची. गाळ्याचे मालक धर्माशेठ हे तिथल्याच गावचे, एकेकाळी भाताची शेती केलेले. क्रेनने मशीन उतरवलं तेव्हा ते पानाची पिचकारी बाजूला टाकून म्हणाले, "आता तुजा बापूस सायेब झाला गो." बाबांनी चप्पल काढून मशीनला हात जोडले. मधोमध गोल पातं, डावीकडे रुळावर मागेपुढे सरकणारं टेबल, आणि उजवीकडे ॲल्युमिनियमची लांब पट्टी. लाकडाला किती रुंद चीर द्यायची ते त्या पट्टीवर ठरतं, कारागीर तिला गाइड म्हणतात. पात्याच्या पाठीला चिकटून पोलादाची एक सुरी उभी होती, चंद्रकोरीसारखी वाकलेली, पण बिनधारेची. तिच्याकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

मशीनच्या पायाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तेलकट पुस्तक बांधलेलं होतं, इंग्रजीतलं. बाबांनी ते सोडून माझ्या हातात दिलं. नुसतं दिलं नाही, दोन्ही हातांनी दिलं. मी डिक्शनरी घेऊन पंधरा दिवस त्याच्याशी झगडले. उभ्या चिरीवर, म्हणजे लाकूड लांबीने चिरण्यावर, त्यात दोन पानं होती. मागची सुरी कधीही काढू नका. गाइडचं टोक पात्याच्या पाठीपर्यंत पुढे नेऊ नका. अस्सल लाकूड चिरताना गाइडचं टोक पात्याच्या मध्याशी संपू दे. पात्याच्या रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा. फळी अरुंद असेल तर हाताने नव्हे, काठीने ढकला. कड वाकडी असेल तर ती गाइडला लावूच नका, आधी फळी सरकत्या टेबलावर आवळून एक कड सरळ करून घ्या. मी हे सगळं मराठीत एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि गाळ्यात विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली चिकटवलं. खाली माझं नाव लिहिलं. नावाशेजारी कंसात एस.वाय.बी.कॉम. असंही लिहिलं.

हे वाचणारं गाळ्यात कोण होतं? बाबा चौथी शिकलेले, अक्षर लावून वाचायचे. आणि सदूमामा, आईचा चुलतभाऊ, आमचा मुख्य कारागीर. त्याच्या हातात रंधा असला की लाकडाची ढलपी कागदासारखी निघायची, आणि हे त्याला माहीत होतं. त्याने पुठ्ठा वाचला, माझ्या नावापर्यंत आला, आणि बिडी कानामागे खोचत म्हणाला, "पुस्तक वाचून लाकूड चिरूक येता काय गो, मास्तरणी?" तेव्हापासून मी मास्तरीण. मी गाळ्यात पाय ठेवला की तो मोठ्याने म्हणायचा, बाजूला उभे राहा रे, तपासणी आली. मशीन चालू असताना मी काही सांगायला गेले की कानावर हात ठेवून ऐकू येत नसल्याचं सोंग करायचा.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी मशीन रॉकेलने पुसलं, जेवढं सुटं होतं तेवढं सोडवलं, ती सुरीसुद्धा. तांबड्या फडक्यावर सगळी हत्यारं ओळीने मांडली, रंधा, पटाशा, करवती, गिरमिट, आणि मधोमध ती सुरी, कारण सगळ्यांत तीच शस्त्रासारखी दिसत होती. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाली, नैवेद्याच्या शेवयांची खीर खाल्ली, दसरा झाला. तिसऱ्या दिवशी बाकीचं सगळं जागच्या जागी लागलं. सुरी लागली नाही. सदूमामा म्हणाला, ती बसवली की लाकूड तिच्यावर अडतं, पुढे सरकत नाही. ते खोटं नव्हतं. पात्याला धार लावून लावून दात झिजले होते, त्यामुळे चीर बारीक पडायची आणि सुरी तिच्याहून जाड. म्हणजे पातं बदलायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी सुरीच बाजूला ठेवली. आणि पूजलेली वस्तू कोपऱ्यात कशी टाकायची, म्हणून बाबांनी ती गाळ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यात उभी केली.

पाच महिने ती तिथे होती. रोज सकाळी शटर उघडलं की बाबा दिवा लावायचे, गणपतीला आणि सुरीला कुंकवाचं बोट टेकवायचे, आणि मग तिच्याशिवाय मशीन सुरू करायचे. बोटं राखणाऱ्या वस्तूला हात जोडायचे आणि त्याच बोटांनी पात्यासमोर लाकूड ढकलायचं. हे मी रोज बघत होते. ह्या पाच महिन्यांत माझी जी तडफड झाली ती आठवली की अजून माझे दात एकमेकांवर घासतात.

मी सांगून पाहिलं. पुस्तकातलं चित्र दाखवलं, ज्यात हातावर मोठी फुली होती. बाबा म्हणाले, बघू. बाबांचं 'बघू' म्हणजे नाही, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून पाठ. जेवताना विषय काढला तर आई म्हणायची, मशीन गाळ्यात ठेव, ताटात आणू नको. एकदा मी गाळ्यात सगळ्यांसमोर म्हणाले की तुम्हाला वाचता येत नाही म्हणून तुम्ही ऐकत नाही. बाबा हातातली फळी खाली ठेवून बाहेर गेले आणि ट्रकच्या सावलीत बराच वेळ उभे राहिले. त्या वाक्याची लाज मला अजून आहे. धर्माशेठ ओट्यावर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "तू कितीपन बोल, तुजा बापूस आयकनार नाय. त्याची बोटा गेली तवा त्याला कोनी पुस्तक दिलतं?" मला त्यांचाही राग आला. शहाणपण सांगायला सगळे होते, ऐकायला कुणी नव्हतं. मी घरी येऊन अकाउंटन्सीचं पुस्तक उघडायचे आणि त्याच पानावर तासभर बसून राहायचे. मनात एकच. ज्यासाठी घरच्यांनी मला शिकवलं ते एकदाच कामाला आलं, आणि तेच कुणाला नको. चिडून मी पंधरा दिवस गाळ्यात गेले नाही. माझ्या न जाण्याने कुणाचं काही अडलं नाही. त्याचाही राग आला.

धर्माशेठच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांनी गावात नवं घर बांधलं होतं आणि मुख्य दार सागाचं, बाबांच्याच हातचं हवं होतं. लाकूड त्यांच्या जुन्या घराचं, तुळया उतरवून आणलेलं, पन्नासएक वर्षं वजन पेललेलं. सून यायच्या आत दार लागलं पाहिजे, असं त्यांनी तीनदा येऊन सांगितलं. जुनं लाकूड आतून ताणलेलं असतं. वरून शांत दिसतं, चीर गेली की कधी उघडतं, कधी मिटतं. हे मी आज सांगतेय. त्या दिवशी मी फक्त डबा घेऊन गेले होते.

दुपारचं ऊन शटरच्या आत आलं होतं. बाबा चौकटीची फळी चिरत होते, गाइड पूर्ण पुढे नेलेलं, स्वतः नेमके पात्याच्या रेषेत उभे. सदूमामा पलीकडून लाकूड घ्यायला. मी डबा ओट्यावर ठेवला आणि तेवढ्यात पात्याचा आवाज बदलला. चिरताना एक सलग सूर असतो. तो घोगरा झाला, जसा कुणी गळा धरावा. अर्ध्याहून जास्त चिरलेली फळी मागच्या बाजूला मिटली होती. एकीकडून गाइड, एकीकडून पातं, मध्ये ती आवळली. पात्याच्या मागच्या दातांनी तिला उचललं आणि आल्या वाटेनं परत फेकलं. बाबांच्या कमरेला घासून ती गेली आणि पाच-सहा पावलांवरच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर आदळली. शटरला जो खड्डा पडला तो आजही आहे. मी तो मुद्दाम ठोकून काढलेला नाही. फळी निसटल्यावर बाबांचा उजवा हात तोल जाऊन पुढे पडला, पात्याला अगदी लागून. अंगठ्याचं नख अर्धं गेलं, बाकी काही नाही. सदूमामाने बटण दाबलं. पातं सावकाश थांबलं. बाबा स्वतःच्या हाताकडे बघत होते. मला माहीत आहे ते काय करत होते. मोजत होते.

कमरेला हे एवढं काळंनिळं. डॉक्टरांनी दोन आठवडे पडून राहायला सांगितलं. मला वाटलं आता तरी ऐकतील. पण दुसऱ्याच दिवशी सदूमामा बघायला आला आणि दोघं मिळून लाकडाला दोष देत बसले. जुनं होतं, गाठाळ होतं, दिवस वाईट होता. मी गॅलरीत उलथनं आपटत होते. बोलले असते तर परत तेच वाक्य तोंडातून गेलं असतं, म्हणून बोलले नाही.

चार-पाच दिवसांनी, दुपारी आई बाजारात गेली होती, मी गॅलरीत शेगडी भरत होते. बाबा भिंतीला टेकून बघत होते. पडून पडून ते कंटाळले होते, आणि कंटाळले की गावच्या गोष्टी निघायच्या. म्हणाले, मी तुझ्याएवढा होतो तेव्हा ओंडके चिरायला जायचो. ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवायचा, मोठी करवत, एक माणूस वर, एक खाली. मी खाली. सगळा भुसा डोळ्यात. मी बाटलीभोवती भुसा ठासत हूं हूं करत होते. मग ते म्हणाले, हातभर चीर गेली की वरचा थांबायचा आणि चिरीत पाचर मारायचा. पाचर नाही मारली तर लाकूड मिटतं नि करवत आवळून धरतं, मग दोन बैल लावलेत तरी सुटत नाही.

माझा हात हलला आणि शेगडी ढासळली.

मी विचारलं, "बाबा, मग मशीनला पाचर कुठाय?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत बाबा माझ्याकडे बघत होते, मग गॅलरीच्या कठड्याकडे, मग परत माझ्याकडे.

"देव्हाऱ्यात आसा," ते म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला संताप आला होता, आणि ह्या वेळी तो माझ्यावरच होता. पाच महिने मी त्यांना पुस्तक वाचून दाखवत होते. एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही हाताने चिरायचात तेव्हा काय करायचात. सुरी म्हणजे पाचर, पातं जसं पुढे जाईल तशी चिरीत आपोआप मागोमाग शिरणारी पाचर, एवढंच तर त्या इंग्रजी दोन पानांत होतं. ज्याला ते सगळ्यात आधी कळलं असतं त्याला मी निरक्षर म्हणून मोकळी झाले होते.

बाबा गाळ्यात परतले त्या सकाळी त्यांनी दिवा लावला, सुरी देव्हाऱ्यातून काढली, आणि धोतराच्या जुन्या फडक्याने हळदकुंकू पुसून काढलं. सदूमामा म्हणाला, "देवाची वस्तू ती, दाजी." बाबा म्हणाले, "देवान सांगितल्यान, माका कामाक लाव." नवं पातं आणलं, सुरी बसवली, लाकूड अडलं नाही. मग बाबांनी मला पुठ्ठा काढून आणायला लावला आणि म्हणाले, आता वाच, आणि सावकाश वाच. मी एकेक ओळ वाचत गेले आणि ते प्रत्येक ओळीला मशीनवर करून बघत गेले. गाइड मागे ओढलं, टोक पात्याच्या मध्याशी आणलं, आणि स्वतःच म्हणाले, बरोबर, पुढे लाकडाला उघडायला जागा पाहिजे. बाजूला उभे राहिले, म्हणाले, फेकलं तर शटरला फेकेल. त्यांनी माझ्या पुठ्ठ्यात एक भरही घातली: आधी लाकडाला विचार, मग मशीनला. ती ओळ मी खाली लिहून घेतली. नाव त्यांचं घातलं.

धर्माशेठच्या चौकटीची शेवटची फळी बाबांनी मला चिरायला लावली. तिची कड वाकडी होती, म्हणून आधी सरकत्या टेबलावर शिकंज्याने आवळली आणि टेबल ढकलत नेलं. हात पात्याच्या जवळपासही गेले नाहीत. एक कड सरळ झाली. मग ती कड गाइडला लावली, पात्याच्या रेषेपासून डावीकडे सरले, आणि शेवटची वीतभर उरली तेव्हा हात उचलून काठी घेतली. मागे सुरी चिरीत शिरताना दिसत होती. लाकूड तिच्यावर मिटायला आलं, हे मला तळहाताला कळलं, आणि मिटू शकलं नाही. सूर बदलला नाही. सदूमामाने पलीकडून फळी घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि कान मोकळे ठेवून म्हणाला, "मास्तरीण पास." दार सून यायच्या दोन दिवस आधी लागलं.

हल्ली गाळ्यात येणारे कारागीर मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात, त्यात बिनसुरीचं मशीन भराभर चालवणारे लोक असतात. मी त्यांना पुस्तक दाखवत नाही. विचारते, तुमच्या गावाला ओंडका चिरताना मध्ये काय मारतात? राजस्थानचा असो की बिहारचा, प्रत्येकाकडे पाचरेला शब्द असतो. मग पुढचं बोलणं सोपं जातं. आणि आमच्याकडे खंडेनवमीला सुरी काढत नाहीत. झेंडूची माळ मशीनलाच घालतो, सुरी जागच्या जागी असताना, आणि तो दिवस मशीन बंद.

मी बी.कॉम. झाले, दुसऱ्या वर्गात. नोकरी केली नाही, गाळा केला. आज दोन मशीनं आहेत, दोन्हीला पाचर आहे, आणि आमच्या गाळ्यात त्यानंतर कुणाचंही बोट गेलेलं नाही. बाबा त्या मशीनवर शेवटपर्यंत उभे राहिले. ते गेले त्या सकाळी, त्यांना न्यायच्या आधी, मी त्यांचे दोन्ही हात माझ्या पुढ्यात ओढून घेतले आणि आईच्या देखत मोजले. आईने मला उठवलं नाही. आठ होती.